समुद्रावरच्या सुटीसाठी रोलचा वॉटरप्रूफ कॅमेरा: घ्यावा की नाही?

निकाल आधीच सांगून टाकतो. पाण्यात मनसोक्त डुंबायचं असेल आणि फोटो घरी परतल्यावर काही दिवसांनी बघायला मिळाले तरी चालणार असेल, तर हा कॅमेरा घ्या. फोटो तिथल्या तिथे स्टेटसला टाकायचे असतील, तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. फोनच बरा.

मी बोलतोय ते एकदाच वापरून द्यायच्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्याबद्दल. आत 35 मिलिमीटरचा कलर रोल आधीच भरलेला असतो. 27 फोटो निघतात, मग अख्खा कॅमेराच लॅबमध्ये द्यायचा. मी वापरलेला कोणत्या कंपनीचा होता हे मुद्दाम लिहीत नाही, कारण आतून हे सगळे जवळपास एकाच बांध्याचे. कोडॅकच्या स्पोर्ट मॉडेलवर 15 मीटर खोलीचा दावा असतो, फुजीफिल्मच्या वॉटरप्रूफ क्विकस्नॅपवर 10 मीटरचा. दोघांतही रोल 800 आयएसओचा (फिल्म उजेडाला किती हळवी आहे त्याचं हे माप) आणि फोटो 27च. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसाने 10 आणि 15 च्या फरकावर डोकं खपवू नये.

एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे माझं मत कुठून येतं ते कळेल. डिजिटल येण्याआधी मी फोटो लॅबमध्ये मशीनवर बसायचो. उन्हाळ्याची सुटी संपली की काउंटरवर रोलांचा ढीग लागायचा, आणि त्यातल्या कितीतरी रोलांच्या डब्यांतून आधी वाळू झटकावी लागायची. लोकांच्या सुट्या मी निगेटिव्हवर पाहिल्यात, म्हणजे काळं आकाश, पांढरे केस आणि नारिंगी रंगात बुडालेला समुद्र. त्यामुळे हा कॅमेरा हातात आला तेव्हा हौसेपेक्षा कुतूहल जास्त होतं.

बाहेरून तो खेळण्यासारखा दिसतो. पारदर्शक कडक प्लॅस्टिकचं कवच, त्याच्या आत कॅमेऱ्याची डबी, मनगटात अडकवायला जाड रबर. रोल पुढे सरकवायला बाजूला भलंमोठं चाक. ते अंगठ्याने करकर करत अडेपर्यंत फिरवायचं आणि मग खटका दाबायचा. ओल्या, सुरकुतलेल्या बोटांनीही जमावं म्हणून हे सगळं इतकं ढोबळ केलंय आणि ते खरंच जमतं. खटका मात्र लांब आहे. घाईने दाबला की कॅमेरा खाली झुकतो आणि क्षितिज वाकडं येतं. कोपर अंगाला चिकटवून सावकाश दाबला की सुटलात.

लेन्स प्लॅस्टिकची, फोकस कायमचा ठरलेला. साधारण एक मीटरच्या पुढचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं, त्याच्या अलीकडचं नाही. म्हणजे हात लांब करून सेल्फी काढाल तर चेहरे मऊ लोण्यासारखे येतील. शटरचा वेग ठरलेला, उजेड आत येण्याचं छिद्र ठरलेलं, फ्लॅश नाहीच. तुमच्या हातात एवढंच उरतं की कुठे उभं राहायचं आणि कधी दाबायचं. मला यात कमतरता वाटली नाही. ताईला वाटली. "अरे, यात झूमसुद्धा नाही?" असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं आणि कॅमेरा माझ्याकडे परत दिला. दुसऱ्या दिवशी तो तिच्याच मनगटात होता, कारण पाण्यात न्यायला दुसरं काही नव्हतं.

आता उजेडाचं. समुद्रकिनारा ही फोटोसाठी अवघड जागा आहे. वरून ऊन, खालून वाळू आणि पाणी चमकतंय, आणि मध्ये टोपीच्या सावलीत काळवंडलेला चेहरा. फोन यावर सॉफ्टवेअरने तोडगा काढतो. तो पटापट बरेच फोटो घेऊन एकात मिसळतो आणि सगळं एकसारखं उजळ करून ठेवतो. हा कॅमेरा तसलं काही करत नाही. भर दुपारी तो फिल्मवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त उजेड टाकतो, आणि तरी फोटो येतो, कारण कलर निगेटिव्हला जादा उजेड पचतो. तिला कमी उजेड पचत नाही. सगळी मेख इथे आहे. उन्हात वाळूवर काढलेले आमचे फोटो दाट रंगांचे, किंचित पिवळसर, दाणेदार आणि देखणे आले. सूर्य बुडाल्यानंतरचे, सगळ्यांना हवे होते ते, राखाडी चिखल झाले. लॅबच्या भाषेत निगेटिव्ह पातळ आली होती, म्हणजे तिच्यावर चित्र पुरेसं उमटलंच नव्हतं, आणि पातळ निगेटिव्हमधून कोणताही जादूगार काही काढू शकत नाही. तेव्हा सूर्य क्षितिजाच्या बराच वर असतानाच हा कॅमेरा वापरा. संध्याकाळ फोनवर सोडा.

पाण्याखाली काय होतं? पाण्यातून पाहताना वस्तू आहेत त्यापेक्षा साधारण पाव अंतराने जवळ भासतात. त्यामुळे ज्याचा फोटो काढायचा तो हातभर लांब आहे असं वाटत असेल तर आणखी थोडं मागे सरका. लाल रंग पाणी आधी गिळतं, म्हणून भाच्याची लालभडक चड्डी जरा खोल गेल्यावर तपकिरी आली. लाटा फुटतात तिथलं पाणी वाळूने गढूळ असतं, तिथे खाली बुडी मारून काढलेल्या फोटोंत हिरवट धुक्याशिवाय काही नाही. पाणी शांत आणि नितळ असेल तरच पाण्याखाली एखादी फ्रेम खर्च करावी. खरी मजा पाण्याच्या पातळीवर आहे. कॅमेरा हनुवटीशी धरायचा, अर्धा बुडवायचा, आणि लाट अंगावर येताना समोरच्या माणसाचं तोंड टिपायचं. तिथे फोन न्यायचा धीर माझ्यात तरी नाही. फोनवर आयपी 68 (पाणी आणि धूळ आत शिरत नाही याची खूण) लिहिलेलं असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, आणि पाणी शिरून फोन बिघडला तर बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत ते बसत नाही. प्लॅस्टिकची पिशवी मिळते गळ्यात अडकवायची, पण ओल्या पिशवीवरून स्क्रीन बोटाचं ऐकत नाही.

लेन्ससमोरच्या खिडकीवर थेंब बसतात, हा सगळ्यात मोठा त्रास. थेंब राहिला की नेमक्या चेहऱ्यावर धुरकट गोल डाग. कपड्याने पुसू नका, कपड्यात वाळू असते आणि प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात. लाटांमध्ये फोटो काढणारे लोक खिडकी चक्क जिभेने चाटतात, म्हणजे थेंब न बसता पाण्याचा सलग पातळ थर राहतो. खारट लागतं, पण उपाय चालतो.

आमच्या रोलमधला एक फोटो जरा तपशिलात सांगतो, म्हणजे हा कॅमेरा काय देतो ते कळेल. ताई गुडघाभर पाण्यात बसलीय, लाट नुकतीच तिच्या डोक्यावरून गेलीय. केस चेहऱ्याला चिकटलेले, डोळे गच्च मिटलेले, एक हात वर, चष्मा पकडलेला. उजव्या कोपऱ्यात माझ्या बोटाचा गुलाबी ढग. मागे तिचे सासरे उभे, पण गळ्यापासून खालीच, डोकं फ्रेमच्या बाहेर. फोनवर असा फोटो निघाला असता तर ताईने तिथेच "हा उडव" म्हणून उडवला असता. इथे उडवायची सोय नाही. आता तोच तिच्या कपाटाच्या दाराला आतून लावलाय.

सोय नाही हे भाच्याला पचायला वेळ लागला. पहिला फोटो काढल्याबरोबर धावत आला. "मामा, दाखव ना कसा आला!"

"रोल धुतल्याशिवाय दिसत नाही रे."

"मग आला की नाही ते कसं कळणार?"

"नाही कळणार."

त्याने कॅमेरा उलटापालटा करून सगळ्या बाजूंनी पाहिला, मागे स्क्रीन कुठे लपवलीय ते शोधलं, आणि मग मला विचारलं की बिघडलेला का विकत घेतला. दुपारपर्यंत मात्र तोच फ्रेमा मोजायला लागला होता. "आता एकोणीसच उरलेत, आजोबा झोपलेले नको काढूस."

मला या कॅमेऱ्याचं सगळ्यात पटलं ते हे. 27 म्हटल्यावर माणूस दिवसभर फोटो काढू शकत नाही. चार-पाच काढतो आणि बाकीचा वेळ पाण्यात असतो. फोटो काढल्याने आठवण पक्की होते की पुसट, यावर अभ्यास झालेत. 2014 साली मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात लोकांना काही वस्तूंचे फोटो काढायला लावले आणि काही नुसत्या बघायला. फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. पण एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला लावला तेव्हा तसं झालं नाही. 2017 च्या दुसऱ्या एका अभ्यासात, ज्यांनी आपल्या मर्जीने फोटो काढले त्यांना पाहिलेलं जास्त आठवलं, पण ऐकलेलं कमी. समुद्राच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट मला फार लागू वाटते. समुद्रावरचं निम्मं सुख कानाचं आहे, आणि मोबाईल डोळ्यांसमोर धरून ठेवलेल्या माणसाला ते मिळत नाही. म्हणून मी रात्री वहीत फोटोचा नंबर आणि त्या वेळी कोण काय बोललं ते लिहून ठेवायचो. वर सांगितलेल्या फोटोपुढे लिहिलंय: "चष्मा वाचला, नाकात गेलं."

या नंबरांवरून एक गंमत. या कॅमेऱ्यांत रोल कारखान्यातच त्याच्या स्वतःच्या छोट्या डबीतून (कॅमेऱ्याच्या नव्हे) पूर्ण बाहेर ओढून ठेवलेला असतो आणि तुम्ही चाक फिरवाल तसा तो डबीत परत जातो. म्हणून आकडा 27 पासून खाली येतो. फायदा असा की कवच अर्ध्यावर फुटून आत उजेड गेला तरी काढून झालेले फोटो डबीत सुरक्षित, जळतात ते उरलेलेच. परिणाम असा की बहुतेक वेळा लॅबकडून फोटो उलट क्रमाने येतात: आधी परतीच्या दिवसाचे ओढलेले चेहरे, शेवटी गाडीतून उतरून पाण्याकडे धावत सुटलेली पोरं. लॅबमध्ये असताना गिऱ्हाइकं यावरून आमच्याशी भांडायची. आम्ही गठ्ठा उलटा करून द्यायचो.

ही कल्पना नवी नाही. फुजीने असा एकदाच वापरायचा कॅमेरा 1986 साली जपानात आणला, कोडॅकने 1987 मध्ये, आणि 1989 मध्ये कोडॅकचं पाण्यात चालणारं मॉडेलही आलं. मध्यंतरी फोनने हे सगळं पुसून टाकलं होतं, आता हौशी लोकांमुळे परत मिळायला लागलंय. पण धुणारे कमी झालेत, आणि माझी खरी तक्रार तिथली आहे. ज्या लॅबला रोल दिला तिने स्कॅन पाठवले आणि निगेटिव्ह टाकून दिल्या. विचारलं तर म्हणे, "हल्ली कोणी मागत नाही." स्कॅनही जास्तीचे धारदार करून, रंग फोनसारखे भडक करून दिलेले. रोल ज्या प्रक्रियेने धुतला जातो ती सी-41 ही 1972 पासून तीच आहे: 37.8 अंश सेल्सिअसचं डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, सव्वातीन मिनिटं. त्यात चुकण्यासारखं फार नसतं. फरक पडतो तो स्कॅन करणाऱ्याच्या हाताने. तेव्हा द्यायच्या आधीच स्पष्ट सांगा की निगेटिव्ह हव्यात, आणि रंगांना हात लावू नका. पावतीवर लिहून घ्या.

आणखी दोन गोष्टी. कॅमेरा उन्हात बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने फिल्मचे रंग बिघडतात, आणि काढून झालेला रोल महिनोन्महिने कपाटात पडू देऊ नका. विमानाने जाणार असाल तर तो मोठ्या बॅगेत टाकू नका. सामानासाठीचं एक्स-रे मशीन जास्त जोरकस असतं. हातातल्या बॅगेसाठी हल्ली काही विमानतळांवर नवे सीटी स्कॅनर आलेत, त्यांनीही फिल्मवर धूसर पडदा चढतो, आणि 800 आयएसओची फिल्म तर आणखी हळवी. तपासणीच्या रांगेत हाताने तपासायची विनंती करा. बहुतेक वेळा ऐकतात.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो एकदाच वापरून टाकायच्या प्लॅस्टिकसाठी. लॅब कवच कंपनीकडे परत पाठवतात असं म्हणतात, पण माझ्या लॅबने ते कुठे टाकलं ते मी विचारलं नाही, निगेटिव्हवरूनच इतकं वाजलं होतं. पाण्यात शिरणारी माणसं चारपेक्षा जास्त असतील तर दोन घ्या आणि एक पोरांच्या हातात सोडा. त्या रोलमध्ये मोठ्या माणसांची डोकी नसतील एवढी तयारी ठेवा.