इलिनॉयचा बिव्हेन्स कायदा: साडेतीन तारे, पण जोडीला फॉर्म ९५ भराच

अमेरिकेत राज्यघटनेतले हक्क मोडणाऱ्या सरकारी माणसावर दावा लावू देणारं कलम १९८३ राज्याच्या पोलिसाला लागू होतं, संघीय (केंद्र सरकारच्या) एजंटला नाही. संघीय एजंटवर असा भरपाईचा दावा लावू देणारा १९७१ चा बिव्हेन्स निकाल होता. सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या एगबर्ट निकालापर्यंत तो आवळत आवळत जवळजवळ निकामी केला. ही फट बुजवायला इलिनॉयने कायदा केला. गव्हर्नर प्रित्झकर यांनी ९ डिसेंबर २०२५ ला सही केली आणि त्याच महिन्यात अमेरिकी न्याय विभागाने त्याविरुद्ध दावा ठोकला.

नागरी इमिग्रेशन कारवाई करताना कोणी जाणूनबुजून राज्यघटनेचा भंग केला, तर त्याच्यावर व्यक्तिशः भरपाईचा दावा लावता येतो. सगळ्यात कामाचा भाग दंडात्मक भरपाईचा. ती ठरवताना कोर्ट एजंटने मास्क घातला होता का, ओळख सांगितली का, बॉडी कॅमेरा लावला होता का, गाडीची नंबर प्लेट परराज्यातली किंवा झाकलेली होती का, हे बघतं. म्हणून व्हिडिओ घेणाऱ्याने नुसत्या चेहऱ्यामागे न लागता प्लेट आणि जॅकेटवरची अक्षरंही टिपावीत. ‘नागरी’ हा शब्द मात्र नीट वाचा. फौजदारी वॉरंटवरच्या धाडीला हा कायदा पुरत नाही.

तारे कापले ते पुढच्या अडथळ्यांसाठी. केंद्र सरकार खटला संघीय कोर्टात ओढून नेतं. मग अमेरिकेच्या अ‍ॅटर्नी जनरलकडून ‘कामाच्या ओघात केलं’ असा दाखला येतो, आणि १९८८ च्या वेस्टफॉल कायद्याने एजंट बाजूला होऊन प्रतिवादी म्हणून अमेरिका सरकार उभं राहतं. राज्यघटनेच्या भंगाच्या दाव्याला त्यात अपवाद आहे. राज्याच्या कायद्याखालचा दावा त्या अपवादात बसतो का, यावरच खरी वकिली होते. वर सुप्रीमसी क्लॉजची, म्हणजे संघीय कायदा राज्याच्या कायद्यापेक्षा वरचढ ठरवणाऱ्या राज्यघटनेतल्या तरतुदीची ढाल आहेच.

त्यामुळे जोडीला स्टँडर्ड फॉर्म ९५, म्हणजे एजंटऐवजी थेट अमेरिका सरकारकडे नुकसानभरपाई मागायचा अर्ज. इथे लोक चुकतात ते रकाना १२ड मध्ये. तिथे एकूण रकमेचा ठोस आकडा लागतो. ‘नंतर कळवू’ लिहिलंत तर दावा बाद होऊ शकतो, आणि कमी लिहिलात तर कोर्टात सहसा तेवढ्यावरच अडकता. फॉर्म घटनेपासून २ वर्षांत योग्य खात्याच्या हाती पडला पाहिजे, पोस्टात टाकल्याची तारीख चालत नाही. खातं ६ महिने गप्प बसलं तर तो नकार समजून कोर्टात जाता येतं. लेखी नकार आला तर तो पोस्टात पडल्यापासून ६ महिनेच हातात असतात. या वाटेने ज्युरी नाही, दंडात्मक भरपाई नाही. वकिलाची फी तडजोडीत २० टक्के, खटल्यात २५ टक्क्यांपर्यंत.

एक मेख लक्षात ठेवा. फॉर्म ९५ च्या वाटेने तडजोडीचा चेक स्वीकारलात, किंवा त्या खटल्यात निकाल लागला, तर त्याच घटनेवरून एजंटवर लावलेला दावाही संपू शकतो. चेकवर सही करण्याआधी वकिलाला हे आवर्जून विचारा.