फ्लूटेड बॅरलची पॉइंट टू टू रायफल : नागपूरच्या उन्हापावसात काही महिने वापरल्यावर

फ्लूटेड, म्हणजे बाहेरून लांब खाचा पाडलेल्या बॅरलची (नळीची) पॉइंट टू टू, म्हणजे 0.22 इंची, रायफल घेतल्याला आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला. रेंजवर केसमधून बाहेर काढली की कुणीतरी विचारतंच, "भाऊ, ह्या खाचांनी ग्रुप बारीक येते का?" ग्रुप म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांचा पुंजका. खाचांनी तो बारीक नाही येत. माझ्या एका जोडीदाराकडे याच मॉडेलची साध्या बॅरलची रायफल आहे. लांबी आणि बाहेरची जाडी तीच. एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेच्या, गोळ्या घेऊन आम्ही 50 मीटरवर, बेंचवर टेकवून, शेजारी शेजारी मारून पाहिलं. या अंतरावर टेनचं, म्हणजे दहा गुणांचं, वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. दोघांच्या ग्रुपमध्ये सांगण्यासारखा फरक पडला नाही. लॉट बदलला तेव्हा मात्र दोघांचेही ग्रुप लगेच फाकले.

खाचांनी बॅरल ताठ होते, असं अनेक जण छातीठोक सांगतात. हे अर्धंच खरं आहे. पोलाद काढून टाकल्यावर तीच बॅरल आधीपेक्षा ताठ होणं शक्य नाही, थोडी लवचीकच होते. फायदा दिसतो तो समान वजनाच्या बारीक साध्या बॅरलशी तुलना केल्यावर. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो. 22 मिलिमीटरची साधी बॅरल कातून 20 ची केली, तर वजन पाचव्या हिश्शाहून कमी घटतं, पण ताठपणा जवळपास एक तृतीयांश जातो. खाचा पाडल्या तर कडेचा धातू बऱ्याच अंशी जागेवर राहतो, म्हणून तेवढंच वजन कमी करताना ताठपणाचं नुकसान कमी होतं. हिशोब एवढाच आहे.

बॅरल थंड राहते हा दावा पॉइंट टू टूच्या बाबतीत सोडून द्या. या काडतुसात दारू असते जेमतेम दशांश ग्रॅम, बऱ्याचदा त्याहूनही कमी. पॉइंट थ्री झिरो एट या मोठ्या काडतुसात ती तीन ग्रॅमच्या आसपास जाते. मोठ्या काडतुसाच्या रायफलीतही खाचांची बॅरल लवकर थंड होते तशी लवकर तापतेही, कारण उष्णता शोषायला धातूच कमी. आपल्याकडे मे महिन्यात बॅरल तापते ती उन्हानं. पारा 45 च्या वर गेला की बॅरलवरची हवा साइटसमोर लहरायला लागते आणि टार्गेट नाचतं. त्यावर खाचांचा काही उपयोग झाला नाही. बॅरलवर कापडी पट्टा ताणून बांधला, तेव्हा चित्र स्थिर झालं.

मग ही बॅरल मला का आवडते? तोलासाठी. पुढचं वजन कमी झाल्यानं रायफलचा मध्य हाताकडे सरकला. नीलिंगमध्ये, म्हणजे गुडघा टेकून मारताना, डावा हात पूर्वीसारखा लवकर भरून येत नाही आणि मालिकेच्या शेवटीही श्वास ताब्यात राहतो. स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभं राहून मारताना, मात्र उलटं झालं. बॅरलचं तोंड, म्हणजे पुढचं टोक, हलकं असलं की ते जास्त भटकतं. पुढं छोटं वजन लावलं तेव्हाच ते शांत झालं. म्हणजे काढलेल्या धातूतला काही परत चढवलाच, पण किती आणि कुठं हे मी ठरवलं. थ्री पोझिशन, म्हणजे नीलिंग, प्रोन (पालथं झोपून) आणि स्टँडिंग या तिन्ही स्थितींत, मारणाऱ्याला ही मोकळीक फार मोलाची आहे. स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला याच प्रकारात कांस्यपदक जिंकल्यापासून रेंजवर नवी मुलं येताहेत. अंगानं लहान असलेल्या मुलांना हलकं तोंड खरंच मदत करतं. फक्त प्रोन मारायचं असेल तर साधी जाड बॅरल घ्या आणि वाचलेले पैसे चार लॉट तपासण्यात घाला.

पावसाळ्यात काम वाढतं. घाम आणि दमट हवा खाचांच्या तळाशी बसते. साधा फडका वरून फिरवला तर तिथं पोहोचत नाही. मऊ ब्रश आणि तेलाचा हलका हात प्रत्येक सरावानंतर लागतोच, स्टेनलेस असली तरी.

घेण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा : रायफलिंग, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार चऱ्या, कसं केलंय आणि खाचा कधी पाडल्या? नळीतून कडक धातूचं बटन ओढून रायफलिंग केलं की पोलादात ताण उरतो. तो तापवून काढण्याआधीच बाहेरून खाचा पाडल्या, तर आतला व्यास कुठं कुठं किंचित मोकळा होतो आणि ती बॅरल पुढं कोणत्याच लॉटवर नीट बसत नाही. तयार बॅरलवर नंतर कुणाकडून खाचा पाडून घेऊ नका. उत्पादकानं ताण काढून, खाचा पाडून, मग शेवटची लॅपिंग, म्हणजे नळी आतून घासून गुळगुळीत, केली असेल तरच पैसे द्या.