‘अनलॉक आहे, बिनधास्त घ्या’: परदेशी फोनच्या स्वस्ताईतलं कुलूप

परदेशी फोन खरंच स्वस्त पडतो का, याचा आधी हिशेब करू, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन १६ चं १२८ जीबीचं मॉडेल भारतात ७९,९०० रुपयांना आलं. अमेरिकेत, कुठल्याही नेटवर्क कंपनीशी न बांधलेला तोच फोन ८२९ डॉलरला होता. डॉलर ८४ रुपये धरला तर ६९,६३६. दहा हजार वाचले असं वाटतं. पण तिकडच्या लिहिलेल्या किमतीत विक्रीकर नसतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे, म्हणजे बिल सुमारे ७४,२५० रुपयांवर गेलं. भारतीय क्रेडिट कार्डाचं साधारण ३.५ टक्के परकीय चलन शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरला की ७७,३००. उरले अडीच हजार. त्याच सुमारास भारतात ठरावीक बँकांच्या कार्डांवर ५,००० ची सूट चालू होती, म्हणजे इथला फोनच स्वस्त पडला! डेलावेअर किंवा ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही, तिथे थोडंफार वाचतं. दुबईत हाच फोन ३,३९९ दिरहॅमला, म्हणजे पावणेअठ्ठ्याहत्तर हजारांना होता. पर्यटकाला विमानतळावर व्हॅटचा ८५ टक्के भाग परत मिळतो, त्यातून पावतीमागे ४.८० दिरहॅम कापले जातात. हातात येतात तीनेक हजार रुपये.

थोडक्यात, नवा आणि खरोखर मोकळा असा हा आयफोन १६ अमेरिकेत किंवा दुबईत पंधरा-वीस हजारांनी स्वस्त मिळत नव्हता. कुणी तसा देऊ केला, तर तो फरक फोनमधल्याच कशातून तरी काढलेला असतो. बहुतेक वेळा तो लॉकमधून येतो.

अमेरिकेत नेटवर्क कंपन्या फोन हप्त्यावर देतात आणि बहुधा हप्ते फिटेपर्यंत तो आपल्याच सिमपुरता बांधून ठेवतात. असे फोन बाजारात सवलतीत विकले जातात आणि फिरत फिरत दुबईच्या देरा भागातल्या छोट्या दुकानांत किंवा ‘अमेरिकेहून आलेला माल’ म्हणून आपल्याकडे पोहोचतात. आयफोनचं कुलूप फोनमध्ये नसून अॅपलच्या सर्व्हरवरच्या नोंदीत असतं. ते काढायचा अधिकार फक्त त्या नेटवर्क कंपनीला. ‘आयएमईआय (फोनचा पंधरा अंकी ओळख क्रमांक) द्या, दोन दिवसांत अनलॉक करून देतो’ म्हणणारा प्रत्येक जण मधला दलाल असतो, आणि त्याचा मार्ग सरळ असेलच असं नाही. अमेरिकेत एका टोळीने वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल गावच्या कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांना लाच देऊन जवळपास १९ लाख फोन असे सोडवले होते. सूत्रधाराला २०२१ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली.

दलालापेक्षाही स्वस्त उपाय म्हणजे चिप. सिमच्या आकाराची कागदासारखी पातळ पट्टी, सोनेरी टोकांची, सिमच्या खाली चिकटवून ट्रेमध्ये बसवतात. बाजारात तिला ‘आर-सिम’ किंवा ‘टर्बो सिम’ म्हणतात. फोन सक्रिय होताना सिमचा क्रमांक विचारतो, तेव्हा ही पट्टी मधल्या मध्ये खोटा क्रमांक पुढे करते. त्या क्रमांकाला सर्व्हरवरून नकार येत नाही तोवर सगळं छान चालतं. अॅपलने तो क्रमांक बंद केला, किंवा तुम्ही फोन रीसेट वा अपडेट केला, की ‘सिम नॉट सपोर्टेड’ची पाटी येते. दुकानदार तोवर हजारो किलोमीटर लांब. म्हणून दुकानातच ट्रे स्वतःच्या हाताने बाहेर काढा. सिमखाली पट्टी दिसली तर पुढची बोलणी करायचं कारण नाही. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासूनच्या मॉडेलना सिम ट्रेच नाही, त्यामुळे ही चलाखी मुख्यतः १३ आणि त्याआधीच्या फोनमध्ये सापडते. 

ट्रे नसलेल्या फोनची कटकट वेगळी, आणि ती फसवणूक न करताही पदरात पडते. न्यू जर्सीतला मुलगा साताऱ्यातल्या वडिलांसाठी आयफोन पाठवतो. वडिलांना सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकायची सवय, आणि इथे टाकायला जागाच नाही. ई-सिम (फोनमध्येच असलेलं, सॉफ्टवेअरने चालू होणारं सिम) करावं लागतं, फोन बिघडला की ते परत दुसरीकडे न्यावं लागतं. हाच फोन कुणी ‘इंटरनॅशनल व्हर्जन’ म्हणून गळ्यात मारतो तेव्हा मात्र लबाडी होते.

आता खरा फसवा प्रकार. अमेरिकेतल्या काही मोठ्या दुकानसाखळ्यांत मिळणारा आयफोन खोक्यात असताना कुणाचाच नसतो. पहिलं सिम ज्या कंपनीचं टाकाल, त्या कंपनीला तो चिकटतो. सीलबंद खोकं दाखवून ‘बघा, लॉक नाही’ म्हणणारा खोटं बोलत नसतो, पण खरंही सांगत नसतो. न उघडलेल्या खोक्यावरून लॉक आहे की नाही हे कळतच नाही. फोन सुरू करून सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउटमध्ये ‘कॅरिअर लॉक’ या ओळीपुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं दिसलं पाहिजे. त्यावरही न थांबता आपलं रोमिंग चालू असलेलं भारतीय सिम घालून एक कॉल लावा. दुकानदाराने स्वतःच्या सिमवर लावून दाखवलेल्या कॉलने काहीच सिद्ध होत नाही. फोन त्याच कंपनीला बांधलेला असू शकतो.

सीलबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. आयफोन १३ पासून, म्हणजे २०२१ पासून, अॅपलने खोक्यावरचं प्लास्टिक काढून टाकलं. मागच्या बाजूला कागदी पट्ट्या असतात, त्या ओढून खोकं उघडायचं. तेव्हा १३ किंवा त्यानंतरचा फोन घट्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दिसला, तर ते प्लास्टिक दुकानात चढवलेलं आहे. मॉडेल क्रमांकाचं पहिलं अक्षरही बोलकं असतं: एम म्हणजे नवा, एफ म्हणजे कंपनीने दुरुस्त करून विकलेला, एन म्हणजे बदली म्हणून दिलेला. शेवटच्या तिरप्या रेघेआधी एलएल असेल तर अमेरिकेचा, एचएन भारताचा, सीएच चीनचा. सीरियल क्रमांक अॅपलच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाका. ‘नव्या’ फोनची वॉरंटी सात महिनेच उरलेली दिसली, तर पाच महिने तो कुणाच्या तरी खिशात होता.

फोन वाय-फायला जोडल्याशिवाय घेऊ नका. ‘रिमोट मॅनेजमेंट’चं पान आलं तर तो कुठल्यातरी कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेला फोन आहे. दुकानदार ते पान तात्पुरतं गायब करू शकतो, पण रीसेट केलं की ते परत येतं. म्हणून रीसेट तुमच्यासमोर झालं पाहिजे. दहा मिनिटं जातात, जाऊ द्या.

अँड्रॉइडमध्ये धोके वेगळे. सॅमसंगच्या काही परदेशी फोनना प्रदेशाचं कुलूप असतं: त्या प्रदेशातल्या सिमवरून एकूण पाच मिनिटं बोलणं झाल्याशिवाय दुसऱ्या प्रदेशाचं सिम चालत नाही. खोक्यावर त्याची चिठ्ठी असते, तीच अनेकदा फाडलेली मिळते. सुटका सोपी आहे, फक्त ती त्या देशातून निघायच्या आधी करायला हवी. जिओचं दुखणं मोठं. जिओकडे टूजी-थ्रीजी नाही, त्यामुळे व्होएलटीई (फोरजीवरून कॉल करायची सोय) चाललं नाही तर इंटरनेट जोरात आणि कॉल मात्र लागत नाही. भारतासाठी न बनलेल्या अनेक अँड्रॉइड मॉडेलमध्ये हेच होतं. सिम मोकळं असूनही फोन अर्धा मुका. विकत घेण्याआधी पूर्ण मॉडेल क्रमांक पाहून त्यात बँड (नेटवर्कच्या लहरींचे पट्टे) ३, ५ आणि ४० आहेत का, फाइव्हजीसाठी एन२८ आणि एन७८ आहेत का, ते तपासा. फोनचं नाव एकच असलं तरी मॉडेल क्रमांकाप्रमाणे बँड बदलतात.

चीनसाठी बनलेल्या स्वस्त फोनवर दुकानदार स्वतःच ‘ग्लोबल’ सॉफ्टवेअर चढवतात. त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) उघडावा लागतो. मग अपडेट येत नाहीत आणि बँकेची, यूपीआयची अॅप्स चालायला नकार देतात. शाओमीत सॉफ्टवेअर आवृत्तीच्या शेवटच्या अक्षरांत सीएन, एमआय किंवा आयएन दिसतं, त्यावरून चढवलेलं सॉफ्टवेअर अनुक्रमे चीनचं, ग्लोबल की भारताचं ते कळतं. फोन चालू होताना उघड्या कुलपाचं चित्र दिसलं तर तिथेच परत द्या.

वॉरंटीचं ‘इंटरनॅशनल’ हे विशेषण फुकटचं आहे. आयफोनची वॉरंटी सेवा विकल्या गेलेल्या देशापुरती मर्यादित ठेवण्याचा हक्क अॅपल आपल्या अटींतच राखून ठेवते. इतर कंपन्यांची फोनची वॉरंटी बहुधा देशापुरतीच असते. परदेशी मॉडेलचा स्क्रीन किंवा बोर्ड इथे मिळाला नाही की हिशेबात वाचलेले अडीच हजार एका दुरुस्तीत जातात.

बिलावर आयएमईआय आणि ‘फॅक्टरी अनलॉक्ड’ हे दोन्ही लिहून घ्या. *#०६# लावून फोनचा आयएमईआय बिलाशी आणि खोक्याशी जुळवा. पैसे रोख न देता क्रेडिट कार्डाने द्या. वस्तू सांगितल्याप्रमाणे नाही म्हणून बँकेकडे वाद घालता येतो, रोखीत तो मार्ग नाही. दुबईत पैसे घेतल्यावर ‘अॅक्टिव्हेशन’ किंवा ‘सॉफ्टवेअर’चे जास्तीचे पैसे मागितले, तर बिल परत मागा आणि दुबईच्या ग्राहक संरक्षण खात्याकडे तक्रार करा, पण विमान पकडण्याआधी. भारतात उतरल्यावर १४४२२ या क्रमांकावर ‘केवायएम’ ही अक्षरं इंग्रजीत लिहून, जागा सोडून पंधरा अंकी आयएमईआय पाठवला की तो खरा आहे का आणि काळ्या यादीत आहे का, हे कळतं. कस्टम्ससाठीही बिल जवळ ठेवा. २०१६ च्या बॅगेज नियमांत ५०,००० रुपयांपर्यंत सूट होती आणि वरच्या रकमेवर ३८.५ टक्के शुल्क. प्रवासाच्या दिवशी लागू असलेला आकडा कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहूनच निघा.