सिंगल फेजवर थ्री फेज मशीन : व्हीएफडी की रोटरी कन्व्हर्टर?

सुतारकामाची थ्री फेज मशीन सिंगल फेजवर चालवायला दोन मार्ग : व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजची थ्री फेज करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह; किंवा रोटरी कन्व्हर्टर, जिथे हेच काम एक फिरती मोटर करते. आधी मोटरची पाटी वाचा. 230 व्होल्ट इनपुटचा साधा व्हीएफडी थ्री फेजही 230चाच देतो. पाटीवर ‘230 डेल्टा / 400 स्टार’ (मोटरच्या वायरिंगच्या दोन जोडण्या) असेल तर डेल्टा जोडणी करून काम भागतं. फक्त 415 व्होल्ट असेल तर मोटर पूर्ण ताकद देत नाही आणि रंधा मशीन लाकडात अडकतं. रोटरीलाही हीच अडचण, तिथे व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो.

एकाच 2 एचपी मशीनसाठी व्हीएफडी स्वस्त. सुरुवातही हळू होते, मीटरवर झटका येत नाही. पण सहसा प्रत्येक मशीनला वेगळा घ्यावा लागतो. रोटरी एकच, मशीन तीन-चार. तिची आयडलर मोटर (तिसरा फेज तयार करणारी फिरती मोटर) सर्वांत मोठ्या मोटरच्या दीडपट घ्या. रिकामी फिरतानाही ती वीज खाते.

व्हीएफडीचा खरा शत्रू भुसा. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) बुजला की ट्रिप, म्हणजे ड्राइव्ह आपोआप बंद पडणं, ठरलेलीच, म्हणून फिल्टरची पेटी हवीच. व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये स्विच लावून मशीन चालू-बंद करू नका, ड्राइव्ह जळू शकतो. रोटरीचे कपॅसिटर, बेअरिंग मात्र गावातला मिस्त्रीही बदलतो.

पैशांसाठी केंद्र सरकारची कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना बघा : नोंदणीकृत सुताराला 5 टक्के व्याजाने पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत, फेड 18 महिन्यांत.

एक-दोन छोट्या मशीन असतील तर व्हीएफडी. करवत, रंधा, भुसा ओढणारा पंखा एकत्र चालणार असतील तर रोटरी. थ्री फेज लाइन दारात असेल तर दोन्ही सोडा, जोडणीच घ्या.