विकिपीडिया की मराठी विश्वकोश? बडोद्यावर लिहिणाऱ्यांसाठी

सयाजीराव महाराज, लक्ष्मीविलास पॅलेस, मांडवीची सेंट्रल लायब्ररी, यातल्या कशावरही मराठीत लिहायचं असेल, शाळेचा प्रोजेक्ट म्हणा नाहीतर मंडळाची स्मरणिका, तर आपले लोक विकिपीडिया उघडतात नाहीतर मराठी विश्वकोश. माझं मत आधीच सांगते, विषय नीट समजून घ्यायला विश्वकोश चांगला, पण एखादं वाक्य खरं की खोटं ते तपासायचं असेल तर विकिपीडिया, फक्त खालचे संदर्भ स्वतः उघडून बघायची तयारी पाहिजे.

विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, काम चाललं वाईला, पहिला खंड १९७६चा. नोंद त्या विषयातल्या जाणकाराने लिहायची, संपादकांनी तपासायची, शेवटी लेखकाचं नाव आणि बऱ्याच नोंदींना संदर्भग्रंथांची यादी. म्हणजे जबाबदार कोण ते कळतं. पण यादी शेवटी एकगठ्ठा असते त्यामुळे कुठलं वाक्य कुठल्या पुस्तकातलं ते काही कळत नाही, आणि जुन्या नोंदीतली लोकसंख्या वगैरे आजची म्हणून प्लीज उचलू नका.

विकिपीडियाचं उलट. लिहिणारा खरा कोण ते बहुतेक वेळा माहीत नसतं, पण ज्यावर कोणी शंका घेऊ शकतं अशा विधानाला बाहेर छापून आलेला संदर्भ लागतो, स्वतःचं संशोधन चालत नाही, संदर्भ नसेल तर कोणीही तिथे 'संदर्भ हवा' अशी खूण लावून जाऊ शकतं. शिवाय लेखाचा 'इतिहास' हा टॅब उघडला की कुठल्या नावाने कधी काय बदललं ते सगळं समोर. ही सोय छापील खंडात मिळणारच नाही. 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाने २००५ला विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांना दाखवले तेव्हा ब्रिटानिका या इंग्रजी विश्वकोशात १२३ चुका निघाल्या आणि विकिपीडियात १६२, पण ते इंग्रजी आणि विज्ञान, मराठी विकिपीडिया २००३पासून चालू असला तरी लक्ष ठेवणारी माणसं खूप कमी, चूक पडून राहते, म्हणून तो आकडा इथे लावू नका.

आता आपल्याच घरचं उदाहरण. 'लक्ष्मीविलास बकिंगहॅमच्या चौपट', म्हणजे लंडनच्या राजवाड्याच्या चौपट मोठा, हे नेटवर जागोजागी सापडतं, आणि बातम्यांत त्याच्या जोडीला आकडे येतात, आपला ३,०४,९२,००० चौरस फूट आणि बकिंगहॅम ८,२८,८२१. भागून बघा, जवळजवळ ३७ पट येतं, चौपट कुठून आलं? एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, ७०० एकरांनी गुणा, बरोब्बर ३,०४,९२,००० येतात! म्हणजे आपल्याकडे बागबगीचा मैदानं धरून सगळी जमीन मोजली आणि तिकडे मजल्यांचं बांधकाम. १८९०ला पूर्ण झालेल्या इतक्या सुंदर वास्तूला असल्या आकड्याची काय गरज आहे हो, खरंच वाईट वाटतं.

असलं वाक्य विकिपीडियावर दिसलं तर त्याच्या शेवटी असलेल्या संदर्भाच्या छोट्या क्रमांकावर क्लिक करून बातमीपर्यंत जाता येतं, आणि मोजलं कोणी ते बातमीत नसेल तर ते वाक्य सोडून द्यायचं. दहा बातम्यांत तोच आकडा असला तरी संदर्भ एकच धरा, सगळ्यांनी एकमेकांचं उचललेलं असतं, कधी बातमीवाला विकिपीडियावरून घेतो आणि मग विकिपीडियावर तीच बातमी संदर्भ म्हणून लागते.

तर दोन्ही वापरा पण क्रमाने. आधी विश्वकोशातली नोंद पूर्ण वाचा, मग जी तारीख, जो आकडा लिहिणार तो विकिपीडियावर शोधून त्याच्या संदर्भापर्यंत जा, आणि तो संदर्भ पुस्तक असेल, समजा बडोदा स्टेटचं गॅझेटियर (सरकारी माहितीग्रंथ), तर पान उघडून बघा. स्मरणिकेत संदर्भ देताना नुसतं 'विकिपीडिया' लिहू नका, त्या पुस्तकाचं नाव आणि पान नंबर द्या. विकिपीडियाचाच लेख द्यायचा झाला तर त्या दिवशीच्या आवृत्तीची पर्मनंट लिंक घ्या, कारण उद्या लेख बदललेला असू शकतो, आणि विश्वकोश दिला तर नोंदीच्या लेखकाचं नाव घालायला विसरू नका.