आतडं ब्लॉक झालंय, आधी स्टेंट टाकायचा की डायरेक्ट ऑपरेशन?

काकांचं पोट ढोलासारखं फुगलेलं, नाकात नळी, चार दिवस ना संडास ना गॅस. सीटीत डावीकडे सिग्मॉइडला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाला, कॅन्सरची गाठ. सर्जन म्हणाले स्टेंट टाकू किंवा हार्टमन करू. काकूला दोन्ही शब्द ऐकून वाटलं हार्टचंच काहीतरी निघालं, ती रडायलाच लागली. ठरवायला मिळाला जेमतेम अर्धा तास. म्हणून हे लिहून ठेवतोय.

डायरेक्ट ऑपरेशनचा फायदा साधा आहे, गाठ लगेच निघते. पण फुगलेलं आतडं, आत साठलेला मळ आणि थकलेला पेशंट, अशात सर्जन बऱ्याचदा जोडणी करायला धजत नाहीत, मग गाठ काढून खालचं टोक बंद करतात आणि वरचं पोटावर काढून तिथे मळ जमा व्हायला पिशवी लावतात, हेच ते हार्टमन. पिशवी नंतर काढता येते असं सांगतात आणि येतेही, पण वय झालेल्या बऱ्याच जणांची ती कायमचीच राहते, हे मात्र आपण विचारल्याशिवाय कोणी बोलत नाही.

स्टेंट म्हणजे जाळीची नळी, दुर्बिणीतून तार गाठीपलीकडे घालून बसवतात आणि ती आपोआप उघडते. काकांच्या वेळी नळी बसताच इतका मळ नि गॅस सुटला की टेक्निशियन उडी मारून बाजूला झाला, म्हणे हे रोजचंच. मग साधारण दोन आठवडे मिळतात, शुगर बीपी आटोक्यात आणायला, नीट तपासण्या करायला, आणि मग ठरवून, जमलं तर लॅपरोस्कोपीने, ऑपरेशन. पिशवीचा चान्स कमी होतो. यूकेत 2009 ते 2014 मध्ये 245 पेशंटवर क्रेस्ट नावाची ट्रायल झाली, त्यात स्टेंटवाल्यांत निम्म्याहून थोड्या कमी जणांना पिशवी लागली, डायरेक्ट ऑपरेशनवाल्यांत दोन तृतीयांशच्या आसपास. 30 दिवसांतले मृत्यू आणि 3 वर्षांत कॅन्सर परत येणं दोन्हीकडे जवळपास सारखंच.

पण त्यातच 100 पैकी 18 जणांचा ब्लॉक स्टेंटने सुटला नाही. आणि स्टेंटमुळे आतड्याला भोक पडलं तर तातडीचं ऑपरेशन तर होतंच, वर कॅन्सरच्या पेशी पोटात पसरायची भीती. नेदरलँड्समधली एक ट्रायल स्टेंटवाल्यांना जास्त त्रास होतोय म्हणून मध्येच थांबवली होती, 2011 ला छापून आली. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न स्टेंट चांगला की वाईट हा नाहीच, तो टाकणारा कोण हा आहे. डॉक्टरांना सरळ विचारा, तुम्ही कोलनमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्यात, असे किती टाकलेत? गुदद्वाराच्या अगदी जवळची गाठ असेल तर स्टेंट खूप टोचतो. उजवीकडची असेल तर बहुतेकदा सरळ कापून जोडतात. आणि आतडं आधीच फुटलं असेल किंवा तशी शंका असेल तर स्टेंटचा विषयच नाही.

आम्ही स्टेंट घेतला, बाराव्या दिवशी ऑपरेशन, पिशवी लागली नाही. मधले दिवस चोथ्याचं खाणं बंद, संडास पातळ राहायचं औषध चालू, आणि काका रोज भाकरी मागायचे, काकू मऊ भात पुढे सरकवायची.