कंसातली संख्या: नवी पेठेत घेतलेल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरविषयी

अकरावीच्या शिकवणीसाठी मी सोलापूरच्या नवी पेठेतून एक सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतला, तो मुख्यतः त्यातील अवयव पाडण्याच्या सोयीसाठी. दहा अंकांपर्यंतची पूर्ण संख्या टाकून बरोबरचे बटण दाबावे, मग ‘शिफ्ट’ आणि ‘फॅक्ट’ दाबावे, की तिचे मूळ अवयव पडद्यावर येतात.

पारखण्यासाठी मी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या निवडली. २ चा बत्तिसावा घात घेऊन त्यात १ मिळवला की ती मिळते. घातांक १, २, ४, ८ आणि १६ घेतल्यास याच रीतीने येणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही संख्या मूळ आहेत. तेव्हा ही सहावीही मूळच असावी, असे फ्रेंच गणितज्ञ फर्माला वाटत होते. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने तिला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवून दिले. यंत्राने उत्तर दिले: ६४१×(६७००४१७).

हा कंस मला या यंत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. यंत्र तीन अंकी मूळ संख्यांपर्यंतच भागून पाहते आणि उरलेल्या भागाची खात्री देता येत नसेल, तर तो कंसात ठेवते. दुकानात मात्र मला “कंसातली संख्या मूळच समजा” असे सांगण्यात आले होते, आणि ते साफ चूक आहे: १०,२२,११७ ही संख्या टाकली तर तीही जशीच्या तशी कंसात येते, वास्तविक ती १००९ आणि १०१३ यांचा गुणाकार आहे.

मग ६७,००,४१७ मूळ आहे हे कसे ठरवायचे? फ्रेंच गणितज्ञ ल्युकाने १८७८ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार आपल्या मोठ्या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १२८ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो. ६४१ म्हणजे १२८ ची पाचपट अधिक १. ६७,००,४१७ चे वर्गमूळ २५८९ हून कमी आहे आणि तीन अंकी मूळ संख्या यंत्राने आधीच तपासलेल्या आहेत, त्यामुळे पाहायला ११५३ आणि १४०९ या दोनच उरतात. शिकवणीतल्या एका मुलीने वहीत भागाकार मांडले. पहिल्यात भागाकार ५८११ आणि बाकी ३३४, दुसऱ्यात ४७५५ आणि ६२२. कंस सुटला, आणि तोही तिच्या हातून, याचा मला फार आनंद झाला.

मर्यादाही आहे. पुढची संख्या, म्हणजे २ चा चौसष्टावा घात अधिक १, वीस अंकी आहे. पडद्यावर १.८४४६७४४०७×१०^१९ एवढेच दिसते. मिळवलेला १, ज्यावर सगळे अवलंबून आहे, तोच नाहीसा होतो आणि अवयव तर पडतच नाहीत. एवढ्या मोठ्या संख्यांचा अभ्यास करायचा असेल, तर संगणकच हवा. दहा अंकांच्या आत मात्र हे यंत्र अकरावी-बारावीच्या मुलांसाठी अवश्य घ्यावे. कंसाचा अर्थ तेवढा त्यांना पहिल्याच दिवशी सांगावा.